चिठ्ठीवरची चौथी ओळ

कागदी सर मला पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं.

"अवसरी," मी म्हणालो.

"बुद्रुक की खुर्द?"

"बुद्रुक."

"नक्की?"

माझा जन्म तिथला, आमची चार बिघे जमीन तिथली. तरी त्यांनी असं विचारल्यावर क्षणभर माझी मलाच शंका आली. माझा चेहरा पाहून ते ओशाळले. म्हणाले, "राग मानू नका, शिंदे. गेल्या वर्षी तुमच्या बाजूचा एक खेकडा आला माझ्याकडे. आणणाऱ्यानं नुसतं अवसरी सांगितलं आणि तो निघून गेला. आता अवसऱ्या दोन. पंधरा दिवस मला चैन नव्हतं."

हे पन्नास सालानंतरचं. जुन्नरच्या हायस्कुलात मी नुकताच लागलो होतो. इंटर सायन्स, म्हणजे कॉलेजचं दुसरं वर्ष, कसंबसं पास होऊन कॉलेज सोडलेलं होतं; घरातल्या माणसांना इंटर म्हणजे काय तेही सांगावं लागे. शास्त्राला दोनच शिक्षक, कागदी सर आणि मी. मी म्हणजे त्यांच्या हाताखालचा, पण हाताखाली असल्याचं त्यांनी मला कधी जाणवू दिलं नाही. उलट प्रत्येक गोष्ट ते मलाच विचारत. "शिंदे, कुलूप लागलं ना? बघा बरं जरा." मी बघून सांगायचो, लागलंय. मग चार पावलं चालून ते स्वतः परत यायचे, कुलूप ओढून पाहायचे, पुन्हा चार पावलं जायचे आणि पुन्हा यायचे. दुसऱ्यांदा ओढून झाल्याशिवाय सर घरी गेले, असं मी पाहिलं नाही.

अंगानं किडकिडीत, डोक्यावर काळी टोपी, गळ्यापर्यंत बटणं लावलेला खाकी कोट. त्यांचं घराणं जुन्नरच्या कागद करणाऱ्या मुसलमानांपैकी. वडिलांच्या हयातीपर्यंत घरात चिंध्यांचा लगदा कुटून हातकागद निघे. सरांच्या वेळेला हौद कोरडा पडला होता आणि त्यात कोंबड्या बसत. पण वडिलांच्या हातचे शेवटचे काही दस्ते सरांनी जपून ठेवले होते. त्या कागदाच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापून ते चिठ्ठ्या करायचे. काजळाच्या शाईनं, बोरूनं लिहायचे. हा कागद स्पिरिटच्या बरणीत वर्षभर बुडाला तरी विरत नाही आणि अक्षर सोडत नाही, याचा त्यांना अभिमान होता. अभिमान वाटावा अशी त्यांच्या लेखी ती एकच गोष्ट असावी.

शास्त्राच्या खोलीत कुकडी, मीना आणि घोड या नद्यांतले खेकडे, मासे, शिंपले मिळून साठ-सत्तर बरण्या होत्या. प्रत्येकीत चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर चार ओळी. पहिलीत शास्त्रीय नाव. दुसरीत स्थळ. तिसरीत कुणी आणि कधी गोळा केलं. चौथीत, ओळख कुणी पटवली. "चिठ्ठीविना बरणी म्हणजे नुसतं लोणचं," असं ते मुलांना सांगत.

चौथ्या ओळीत त्यांनी स्वतःचं नाव कधीही घातलं नाही. एखादा खेकडा ते वीस वर्षं बघत आले असतील, तरी ती ओळ कोरी ठेवून ते मुंबईला एका जाणकारांना पत्र लिहीत. उत्तर आलं की त्या जाणकारांचं नाव घालत. काही बरण्या तीन-तीन वर्षं कोऱ्या ओळीवर बसून होत्या. मी एकदा म्हणालो, "सर, तुम्हाला ठाऊक आहे हा कोणता ते. लिहून टाका की."

"रोज बघतो म्हणून ओळखतो, असं थोडंच आहे?" ते म्हणाले. "घरच्या माणसांचंसुद्धा तसं असतं."

वर्गात मात्र हा भित्रा माणूस बदलायचा. प्राण्यांचं वर्गीकरण शिकवताना ते मुलांना पत्ता लिहायला लावत. "पोस्टमन कसा येतो? देश, जिल्हा, तालुका, गाव, आळी, घर. तसंच हे." मग फळ्यावर वरून खाली लिहीत जात. प्राणी. पाठीचा कणा असलेले. अंगावर पाजणारे. मग माकडांची आणि आपली एकत्र आळी. आणि शेवटी घर, होमो सेपियन्स. "पहिला शब्द म्हणजे माणूस, दुसऱ्याचा अर्थ शहाणा," असं सांगून ते थोडं थांबत. "हे दुसरं जरा घाईनं लिहिलंय."

एकदा मंचरचा एक कांदे-बटाट्याचा व्यापारी शाळेत आला. त्याचा मुलगा इथं मामाकडे राहून शिकत होता. "मास्तर, आमच्या पोराला तुमी माकडाच्या रांगेत बसवलं म्हनं."

सरांच्या हातातला खडू मोडला. पण उत्तर तयार होतं. "मी नाही बसवलं, शेठ. बसवून दोनशे वर्षं होत आली. मी फक्त हजेरी घेतो."

व्यापारी हसला, पान खाऊन गेला. गंमत अशी की त्याच आठवड्यात सरांच्या मोहल्ल्यातले दोन बुजुर्ग नेमकी तीच तक्रार घेऊन आले, आणि त्यांनाही सरांनी तेच उत्तर दिलं. आम्ही शिक्षकांनी खोलीत त्यावर भरपूर करमणूक करून घेतली. सर मात्र पुढे कितीतरी दिवस विचारत होते, "शिंदे, शेठ मनापासून हसले ना? की तोंडदेखले?"

माणसाला ते शास्त्रीय नाव देणारा स्वीडनचा पंडित हे सरांचं एक दुखणंच होतं. त्याच्याबद्दल त्यांना आदर होता, पण दोन तक्रारी होत्या. एक, त्यानं इतर प्राण्यांचं दात-नखांसकट वर्णन केलं आणि माणसापुढे सुरुवातीला फक्त 'स्वतःला ओळख' एवढंच लिहिलं. "हे वर्णन झालं का? ही पळवाट झाली." पुढे त्यानं खंडांप्रमाणे माणसांचे प्रकार पाडले, त्यात आशियातला माणूस उदास आणि लोभी, असं ठोकून दिलं. "उदास मी आहे, मान्य," सर म्हणत. "पण त्यानं हे कुणाला पाहून लिहिलं? चिठ्ठी कुठाय?"

दुसरी तक्रार जास्त खोल होती. शास्त्रात नाव हवेत राहत नाही. ज्या एका प्राण्यावरून ते ठरलं, तो नमुना कुठेतरी जपून ठेवलेला असतो. पुढे कधी वाद झाला तर लोक त्या नमुन्याकडे जातात. सरांच्या नदीतल्या खेकड्याचा असा मूळ नमुना सातासमुद्रापलीकडे एका बरणीत होता, आणि तो आहे या विचारानं सरांना बरं वाटे. "पण माणसाचा नाही, शिंदे. नाव दिलं आणि नमुना ठेवलाच नाही. उद्या कुणी म्हणालं, हा माणूसच नाही, तर कुणाकडे बोट दाखवायचं?"

मी म्हणालो, "असं कोण म्हणेल, सर?"

ते हळूच म्हणाले, "म्हणतात, शिंदे. अधूनमधून म्हणतात." जुन्नर चांगलं गाव होतं, शेजारधर्म पाळणारं. पण फाळणीच्या वर्षात सरांनी दाराला आतून दोन कड्या बसवून घेतल्या होत्या आणि त्या अजून तशाच होत्या.

त्यानंतर शाळेत ती पेटी आली. वरच्या वर्गांना शरीरशास्त्र हा विषय मिळायचा तर शिक्षणखात्याची तपासणी पार पडायला हवी होती, आणि तपासणीच्या यादीत मानवी सांगाडा होता. सांगाडा नसेल तर विषय नाही. विषय नसेल तर आमच्या मुलांनी शास्त्र शिकायला पुण्याला जायचं, म्हणजे बहुतेकांनी जायचंच नाही. माझी नोकरीही त्या विषयावरच अवलंबून होती. अखेर पुण्याच्या एका दुकानदाराकडून सुट्ट्या हाडांची पेटी मिळाली. लाकडी, लांबट, झाकणावर कलकत्त्याचा शिक्का. सर स्वतः आणायला गेले आणि एसटीतून येताना पेटी टपावर न ठेवता मांडीवर आडवी धरून बसले. उतरताना कंडक्टरनं विचारलं, "मास्तर, काय हाय एवढं?" सरांना खोटं बोलता येत नसे.

दुसऱ्या दिवशी आमचा शिपाई तुकाराम सांगत आला, "गावात लई बोभाटा झालाय. कागदीमास्तरांनी पेटीतनं मानूस आनला म्हनत्यात."

त्या दिवसापासून सरांची झोप उडाली. रोज शाळा सुटली की ते पेटी उघडत, हाडं चटईवर मांडत आणि मोजत. दोनशे तीन. पूर्ण माणसाची दोनशे सहा. कमी होती ती उजव्या कानातली तीन, गव्हाच्या दाण्यापेक्षा लहान. पहिल्या दिवसापासूनच ती नव्हती, तरी सर रोज कोपरे चाचपून पाहत. मग हाडं आकाराप्रमाणे गट करून परत भरत. लांब लांबांत, चपटी चपट्यांत, बारकी पिशवीत.

आणि चिठ्ठी लिहायला बसले की अडत. पहिली ओळ लिहिली होती. दुसरीत काय घालायचं? तिसरीत काय? दुकानदाराला त्यांनी चार पत्रं धाडली, की ही हाडं कुठल्या गावची, कुणाची. एकाचंही उत्तर आलं नाही. चौथी ओळ तर कोरीच.

लोकही येऊ लागले. मोहल्ल्यातले म्हणाले, आपल्यातला कुणी असेल तर त्याला माती मिळाली पाहिजे. वरच्या आळीतले म्हणाले, आमच्यातला असेल तर अग्नी मिळाला पाहिजे. सरांनी दोघांनाही सांगितलं, "कुणाचा ते हाडावरून कळत नाही. कळलं की पहिलं तुमच्याकडे येतो." दोन्हीकडचे लोक गेले, पण पुरतं समाधान कुणाचंच झालं नव्हतं.

तपासणीला पंधरा दिवस उरले आणि तुकारामानं नवी बातमी आणली. "येडगावची एक म्हातारी बाजारात इचारत फिरती, कलकत्त्याची हाडं कुठल्या शाळंत हायेत म्हनून. तिचा ल्योक लढाईत गेल्याला. शेवटचं पत्र कलकत्त्याचं व्हतं म्हनं."

हेडमास्तरांनी आम्हा दोघांना बोलावलं. ते भले गृहस्थ होते, पण शाळा म्हणजे त्यांचा जीव होता. "कागदी, पेटी माझ्या घरी हलवा. तपासणी होईपर्यंत. बाईनं इथं हंबरडा फोडला तर तासाभरात गाव गोळा होईल. आणि पहिलं नाव तुमचं निघेल, कळतंय ना?"

बाहेर आल्यावर सरांनी मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

मला माझी नोकरी दिसत होती. मी म्हणालो, "हलवू या, सर. पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे." हे वाक्य आजही मला आठवतं आणि मान खाली जाते.

खोलीपाशी येऊन सरांनी कुलूप काढलं. मग म्हणाले, "बघायला आलेल्याला वस्तू दाखवायची नाही, तर ती ठेवायची कशाला?" पेटी कुठेही हलली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती आली. सगुणाबाई भोर तिचं नाव. उंच, उन्हानं काळवंडलेली. बरोबर सून होती, पंचविशीची, कपाळभर कुंकू. सून आत आली नाही, पायरीवर पाठ करून बसली.

"मास्तर, दगडू न्हाई न्हवं त्यो?" सगुणाबाईनं दारातूनच विचारलं.

"मावशी, आधी बसा."

"बसाया न्हाई आले. बारा वर्सं झाली. दीर म्हनत्यात, मढं न्हाई तर आता पळसाच्या पानांचा पुतळा करू आन् अग्नी दिऊ. सुनंचं म्हायेर म्हनतंय, पोरीला न्हेतो, दुसरं घर बघतो. मी म्हनते, दगडू यील. म्या हो म्हनल्याबिगर कुनाचंच पाऊल हलंना. आता तुमीच सांगा, त्यो हाय का न्हाई."

सरांनी विचारलं, "ओळखू येईल अशी काही खूण?"

"डावा हात. ल्हानपनी चिंचंवरनं पडला व्हता. मनगटाच्या वर मोडला. वैदूनं बसविला, पर वाकडा बसला. हितं असा बाक व्हता बगा." तिनं स्वतःच्या हातावर बोट ठेवलं.

मी सरांकडे पाहिलं. रोज दोनशे तीन हाडं मोजणाऱ्या माणसाला उत्तर तेव्हाच ठाऊक होतं. तरी त्यांनी चटई अंथरली, तिच्यावर पांढरा कागद ठेवला, पेटी उघडली आणि डाव्या हाताची कोपराखालची दोन्ही हाडं काढून तिच्यापुढे ठेवली.

ती खाली बसली. दोन्ही हाडांवरून तिनं अंगठा फिरवला, वरून खाली, खालून वर. हाडं सरळ होती, कुठे गाठ नव्हती की बाक नव्हता.

"मोडलेलं हाड सांधलं तरी खूण जात नाही, मावशी," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती, आणि ती माझ्याही मनात होती. "हा तुमचा मुलगा नाही."

आम्हाला वाटलं होतं ती हात जोडेल. तिचे खांदे मात्र एकदम खाली आले, जणू कुणी आतला खांब काढून घेतला. ती म्हणाली, "मंग आता सुनंला काय सांगू?"

हाडं त्याची निघाली असती तर तिचं वाट पाहणं संपलं असतं, हे आम्हा दोघांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. बाहेर पायरीवरची पाठ तशीच होती. तिला आतलं सगळं ऐकू गेलं असणार.

सगुणाबाईनं हाडं खाली ठेवली नाहीत. "ह्येचं नाव काय?"

"ते कुणाला माहीत नाही. शास्त्रात माणसाचं म्हणून एक नाव आहे, तेवढं लिहिलंय."

"समद्या मानसांचं त्येच?"

"हो."

"तुमचं बी? माजं बी?"

"हो, मावशी."

"मंग नाव न्हाई बिचाऱ्याला," ती म्हणाली.

तेवढ्यात तिचं लक्ष उघड्या पेटीकडे गेलं. तिथं आकाराप्रमाणे गट होते. मांडीची हाडं कवटीवर आडवी पडली होती आणि पायाच्या बोटांची पिशवी दातांशी टेकली होती. तिच्या कपाळाला आठी पडली.

"कुनी भरली ही?"

"मी," सर म्हणाले.

"पाय डोस्क्याव ठिवत्यात व्हय कुनी?"

तिनं पदर खोचला आणि पेटी रिकामी केली. मग कवटी एका टोकाला ठेवली आणि सरांना विचारत विचारत सबंध पेटी भरली. "ह्ये कुठलं? आन् ह्ये?" सर सांगत गेले, ती ठेवत गेली. मानेखाली खांदे, मग फासळ्या, दोन्ही बाजूंना हात, कंबर, पाय, शेवटाला बोटं. अर्धा तास लागला असेल. झालं तेव्हा पेटीत कुणीतरी निजलं होतं. इतके दिवस ती पेटी मी उचलत-ठेवत होतो, पण आत एक माणूस आहे हे मला तेव्हा दिसलं.

"आता असू द्या," ती म्हणाली. सुनेला हाक मारून ती निघून गेली. हंबरडा नाही, गाव गोळा झालं नाही.

त्या संध्याकाळी सरांनी हाडं मोजली नाहीत. बोरू काढून चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं, ती पेटीत ठेवली आणि झाकण लावलं. कुलूप मात्र दोनदा ओढून पाहिलं.

तपासणीच्या दिवशी सरांनी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. तपासनीस साहेब कडक म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी बरण्या पाहिल्या, मान हलवली, मग पेटी उघडायला लावली. "हे असं का भरलंय? हाडं गटवार हवीत."

"साहेब, हे पत्त्याप्रमाणे आहे," सर म्हणाले.

साहेबांनी चिठ्ठी उचलली. वाचता वाचता त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बोट चौथ्या ओळीवर ठेवलं. "ह्या कोण?"

"जाणकार आहेत, साहेब."

हेडमास्तर माझ्याकडे पाहत होते, मी जमिनीकडे. साहेबांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. मग ती होती तिथंच ठेवली आणि झाकण स्वतः लावलं. आम्हाला विषय मिळाला.

चिठ्ठीवर काय लिहिलंय, हे मी सरांना विचारलं नाही. पेटी मी पुढे कितीदा उघडली असेल, पण सरांनी चिठ्ठी दुमडून कवटीखाली सरकवली होती आणि तिथं हात घालायला मला संकोच वाटे.

सगुणाबाई अधूनमधून बाजाराला आली की शाळेच्या फाटकाशी थांबे. तुकारामाला विचारी, "बरा हाय न्हवं?" तुकाराम म्हणे, "बरा हाय, म्हातारे. ना कांदा मागत, ना भाकर." हाडं पाहून गेली त्याच वर्षी तिनं हो म्हटलं होतं. पळसाच्या पानांचा पुतळा केला, अग्नी दिला आणि सुनेला माहेरी पाठवलं. सुनेला पुढे ओतूरकडचं चांगलं घर मिळालं, असं कळलं.

माझी पदवी पुरी व्हावी याचा ध्यास माझ्यापेक्षा सरांना. फॉर्म त्यांनी आणला, भरून घेतला, गावाच्या रकान्यात 'बुद्रुक' लिहिलंय का ते दोनदा वाचलं आणि हेडमास्तरांकडून मला बिनपगारी रजा मिळवून दिली. माझे तास ते स्वतः घेणार होते. मी कॉलेजात परतलो तेव्हा त्यांची दर आठवड्याला कार्डं येत. खोलीला कडी आहे का? प्रयोगवही कुणाला देऊ नका. पाणी उकळून पिता ना? आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. त्या पदवीखाली चिठ्ठी लावायची झाली, तर एक ओळ त्यांच्या नावाची असेल.

शेवटच्या वर्षी, म्हणजे एकोणसाठच्या सुमाराला, आमच्या प्राध्यापकांनी वर्गात सांगितलं की माणसाच्या मूळ नमुन्याचा प्रश्न आता सुटल्यासारखा आहे. एका इंग्रज अभ्यासकानं लिहिलंय, की नाव देणाऱ्या त्या स्वीडिश पंडितानं जो माणूस सर्वांत जवळून पाहिला तो म्हणजे तो स्वतःच. तेव्हा त्यालाच नमुना धरावं. वर्ग हसला. मला मात्र केव्हा एकदा जुन्नरला जातो असं झालं. आणि त्याच आठवड्यात सरांचं कार्ड आलं, की शाळेला प्लास्टरचा नवा सांगाडा मिळालाय, जुनी पेटी यादीतून काढायची आहे, जमलं तर या.

मी पहिल्या गाडीनं गेलो. सर फाटकाशी उभे होते. सायकलच्या मागे पेटी दोरीनं आडवी बांधलेली. शेजारी सगुणाबाई, आता काठी टेकत. सर खूप वाळले होते, खोकतही होते.

"हेडमास्तरांचं लेखी पत्र आहे खिशात," मला पाहताच ते म्हणाले. "एसटीतून न्यायला परवानगी नाही, मी विचारून आलो. चालतच जातो येडगावला. चार-पाच कोस आहे. मावशींच्या बांधावर जागा आहे म्हणतात. पण शिंदे, पुरायचं की अग्नी द्यायचा? चुकलं तर?"

"न्हाई चुकत," सगुणाबाई म्हणाली. "जाळायचं ते माज्या पोराच्या नावानं जाळून झालं. ह्येला निजवायचा. तुमी तुमचं म्हना, मी माजं म्हनते. त्यो आयकल दोन्ही."

मी सरांना प्राध्यापकांचं सांगितलं. मला वाटलं होतं ते हरखतील. ते विचारात पडले. "म्हणजे तो स्वतः? पण मग तो कुठाय? बरणीत?"

"नाही, सर. त्यांच्या तिकडच्या मोठ्या देवळात पुरलाय."

"उकरणार तर नाहीत ना वाद झाला की?"

"नाही. आहे तिथंच राहील."

"नक्की?"

"नक्की, सर."

त्यांनी सुस्कारा सोडला. "मग ठीक आहे," म्हणाले. त्यांनी कोटाच्या खिशातून चिठ्ठी काढली. "ही बरोबर ठेवू ना? की शाळेत राहू दे?"

ती मी तेव्हा पहिल्यांदा वाचली. काजळाचं अक्षर जसंच्या तसं होतं.

*होमो सेपियन्स.*
*स्थळ: माहीत नाही.*
*कुणी, कधी गोळा केले: माहीत नाही.*
*ओळख पटवली: सगुणाबाई भोर, येडगाव.*

"काय लिवलंय?" सगुणाबाईनं विचारलं. मी वाचून दाखवलं.

"माजं नाव कशापायी घातलं त्यात?"

सर टोपी नीट करत म्हणाले, "मावशी, बाकीच्या ओळी मला भरता आल्या नाहीत."

चिठ्ठी त्यांनी पेटीच्या फटीतून आत सरकवली. मी बरोबर येतो म्हणालो, तर म्हणाले, "नको, तुमची परीक्षा आहे. परतीची गाडी चुकेल." मग ती दोघं निघाली. सगुणाबाई पुढे, सर मागे, सायकल हातानं ढकलत.

त्यानंतर मी सरांना पाहिलं नाही. माझा निकाल लागायच्या आतच ते खोकल्यानं गेले. सगुणाबाईचा तो बांध पुढे येडगाव धरणाच्या पाण्याखाली गेला, म्हणजे आता तिथं कुणाला उकरता यायचं नाही. हे सरांना सांगायचं राहिलं.

पण त्या सकाळी मी फाटकाशी उभा राहून त्यांना पाहत होतो. वळणाच्या अलीकडे ते थांबले. सायकल स्टँडला लावली, मागे गेले आणि दोरी ओढून पाहिली. परत हँडल धरलं, चार पावलं गेले आणि पुन्हा थांबले. पुढे गेलेली सगुणाबाई मागे वळली.

"चला मास्तर," तिनं हाक दिली. "घट्ट हाय ती."

सरांचा दोरीकडे निघालेला हात मधेच थांबला. मग त्यांनी तो परत हँडलवर ठेवला आणि दुसऱ्यांदा ओढून न पाहता ते तिच्या मागून चालू लागले.